नांदे ते नांदे, व्हाया पृथ्वी

४८,२१३.

मोटरसायकलच्या मीटरवरचा हा आकडा मी मागच्या सीटवर चढता चढता पुढच्या मुलाच्या खांद्यावरून वाचला. पुण्याच्या शेजारच्या नांद्याचा चौक, सकाळचे पावणेनऊ. हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसगाड्या, म्हाळुंग्याकडून गरगरत येणारे काँक्रीटचे मिक्सर, दूध घालून रिकाम्या किटल्यांचा खडखडाट करत परतणारा एक गाववाला, आणि रस्त्याच्या कडेला मोबाइलमध्ये मान घालून उभी असलेली सात-आठ माणसं. प्रत्येकाच्या पडद्यावर एक इवलीशी मोटरसायकल नकाशावरून सरपटत येतेय. माझी आली. ओटीपी सांगितला, हेल्मेट डोक्यावर ठेवलं. आधीच्या प्रवाशाच्या खोबरेलाचा वास नाकात शिरला. तेवढ्यात पोरगा म्हणाला, "काका, बेल्ट लावा. टक् वाजल्याशिवाय आपली गाडी हलत नसते."

"गाडी बरीच जुनी दिसते रे."

"कुठली जुनी? चौदा महिने झालेत घेऊन."

गाव नांदेड जिल्ह्यातलं, राहायला नांद्यात. पत्ता सांगितला की लोक विचारतात, 'ड' कुठे सांडलास. हे तो हसत सांगत होता आणि मी मनातल्या मनात भागाकार करत होतो. चौदा महिन्यांत ४८,२१३, म्हणजे वर्षाला ४१ हजारांच्या वर. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर. म्हणजे हा मुलगा नांदे, सूस, म्हाळुंगे, बालेवाडी, हिंजवडी, लवळे एवढ्याच टापूत फिरून वर्षाला एक पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करतो, आणि वर हजारभर किलोमीटर उरतात. तेवढ्यात नांदेडला जाऊन परत येता येतं. याच चालीने सव्वानऊ वर्षांत चंद्र. गणपतीने आईवडिलांभोवती फिरून प्रदक्षिणेचं काम बसल्या जागी उरकलं. याच्या वाट्याला कार्तिकेयाची खरीखुरी प्रदक्षिणा आली आहे, आणि तीही दर खेपेला नवं माणूस मागे बसवून.

आता त्याच रस्त्यावरून स्वतःच्या स्कूटरवर कामाला जाणारा माणूस घ्या. जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस: ४,८०० किलोमीटर. त्याला पृथ्वीप्रदक्षिणेला साधारण सव्वाआठ वर्षं लागतील. रस्ता तोच, खड्डे तेच, मिक्सर तेच. फक्त एक जण त्या खड्ड्यासमोरून दिवसातून दोनदा जातो आणि दुसरा सतरा-अठरा वेळा. बाइक टॅक्सीच्या सुरक्षेची चर्चा निघाली की आपण लगेच 'ही पोरं कशी मारतात गाडी' यावर घसरतो. कशी मारतात हे पाहण्याआधी किती मारतात ते पाहू.

मध्येच एक गंमत. या धंद्यातल्या माणसाला जगभर विमानाचीच नावं का मिळतात कोण जाणे. आपल्याकडे एका कंपनीने त्याला 'कॅप्टन' केलं. गोव्यात तो चाळीसेक वर्षांपासून 'पायलट' आहे. पिवळ्या-काळ्या रंगाची गाडी, मडगाव स्टेशनबाहेर किंवा पणजीच्या बाजारात रांगेत उभी; परवाना असलेली मोटरसायकल टॅक्सी देशात पहिल्यांदा तिथेच आली. नायजेरियात तर अशा गाडीला 'ओकाडा' म्हणतात, आणि ओकाडा हे तिथल्या एका बंद पडलेल्या विमान कंपनीचं नाव. बाकीच्यांनी जरा जमिनीवर राहून नावं ठेवली. युगांडा-केनियात 'बोडा-बोडा', म्हणजे 'बॉर्डर-बॉर्डर'. सीमेवरच्या गावात एका नाक्यापासून दुसऱ्या नाक्यापर्यंत सायकलवरून माणसं पोचवण्याच्या धंद्यातून आलेली हाक. बेनिनमध्ये 'झेमिजान', अर्थ 'मला लवकर ने'. व्हिएतनाममध्ये 'से ओम', शब्दशः मिठीगाडी.

पण विमानाचं नाव घेतलंच आहे तर हिशोबही विमानाचा लावू. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला वर्षाला १,००० तासांहून जास्त उड्डाण करता येत नाही. का, तर थकलेला माणूस चुकतो. आकाशात समोरून डंपर येत नाही, कुत्रं आडवं जात नाही, शेजारी सहवैमानिक असतो, आणि तरी हजार तासांची मर्यादा. आमचा कॅप्टन रोज आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरला तरी २,४०० तास रस्त्यावर असतो. राज्य सरकारने ४ जुलै २०२५ च्या बाइक टॅक्सी नियमांत चालकाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आहे. चांगली गोष्ट आहे. फक्त आमच्या कॅप्टनच्या हँडलवर एक मोबाइल होता आणि खिशात दुसरा. दोन मोबाइल, तीन ॲप. आठ तास कुणाच्या घड्याळातले? एका ॲपला दुसऱ्यावरचे तास दिसत नाहीत. वैमानिकाचे तास त्याच्या वहीत असतात, तो कुठल्याही कंपनीचं विमान उडवो. याचे तास कंपन्यांच्या वह्यांत वाटले गेलेत, आणि बेरीज फक्त त्याच्या कमरेत होते.

२०२३ मध्ये भारतात रस्त्यावर १,७२,८९० माणसं गेली. हा आकडा इतका मोठा आहे की तो कानावरून घरंगळतो, म्हणून मुळशीत आणून ठेवतो. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मुळशी तालुक्याची लोकसंख्या साधारण १ लाख ७१ हजार होती. पौड, हिंजवडी, माण, मारुंजी, सूस, बावधन, नांदे, चांदे, लवळे, पार ताम्हिणीपर्यंतच्या वाड्यावस्त्या, सगळे मिळून. एक तालुका, दर वर्षी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१ मध्ये जगभरात ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मेली. म्हणजे सात मुळशी. त्यातले ९२ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, जिथे जगातली फक्त ६० टक्के वाहनं आहेत.

आता त्या १,७२,८९० मधले दुचाकीवरचे किती? ७७,५३९. दिवसाला २१२. एसटीच्या चव्वेचाळीस आसनी लालपरी मोजल्या तर रोज जवळजवळ पाच भरलेल्या गाड्या. पाच एसट्या एकाच दिवशी एकाच घाटात कोसळल्या तर विधानसभा बंद पडेल. त्याच पाच एसट्या एकेक प्रवासी करून वेगवेगळ्या वळणांवर रिकाम्या झाल्या, तर आतल्या पानावर दोन ओळी येतात: 'दुचाकीस्वार ठार'. त्या दोन ओळींतला दुचाकीस्वार स्वतःच्या कामाला निघाला होता की भाडं घेऊन, हे बातमीत नसतं आणि केंद्राच्या अपघात अहवालातही नसतं. तिथे दुचाकीला एकच रकाना आहे. पृथ्वीप्रदक्षिणा वर्षात घालणारा आणि सव्वाआठ वर्षांत घालणारा, दोघे एकाच रकान्यात.

रकाना नाही, तर पाकिटाच्या मागे आपणच गणित मांडू. यातले आकडे माझे, ढोबळ; कुणाला कमी-जास्त वाटले तर खुशाल बदलावेत. देशात नोंदणी झालेल्या दुचाक्या वीस कोटींच्या वर आहेत. त्यातल्या निदान पंधरा कोटी रोज वीस किलोमीटर फिरतात असं धरू. वर्षाचे झाले १ लाख ९ हजार ५०० कोटी किलोमीटर. हे अंतर कापायला प्रकाशाला सहा आठवडे लागतात. (सूर्यावरून आपल्याकडे यायला त्याला आठ मिनिटं पुरतात.) आपला देश दुचाकीवर बसून वर्षाला इतका लांब जातो. या अंतराला ७७,५३९ ने भागलं तर साधारण १ कोटी ४० लाख किलोमीटरमागे एक मृत्यू येतो. वाचायला किती निर्धोक वाटतं! कुणाच्या आयुष्यात एवढे किलोमीटर होणार आहेत?

नोकरीवाल्याचे दहा वर्षांत ४८ हजार होतात. त्याच्यापुरतं उत्तर येतं साधारण तीनशेत एक. आमच्या कॅप्टनचे दहा वर्षांत चार लाखांच्या वर होतात. उत्तर येतं चौतिसात एक. या गणितात भोकं आहेत, मला ठाऊक आहेत. मेलेल्यांत मागे बसलेलेही आहेत. पुष्कळ मृत्यू हायवेवरच्या वेगाने होतात आणि नांद्याच्या रस्त्यावर तो वेग निघत नाही. शिवाय रोज चालवणाऱ्याचा हात मुरलेला असतो. ठीक आहे, धोका निम्मा करा. अडुसष्टात एक. सकाळी चौकात आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या गेटवर मिळून तीस-पस्तीस पोरं तर सहज दिसतात. अशा दोन चौकांमागे एक.

अशी पोरं किती, आणि किती होणार? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ॲपवर काम करणारे, फुटकळ कामाचे असे ७७ लाख लोक होते. २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज. सगळेच मोटरसायकलवर नसतील, पण डिलिव्हरीवाले आणि टॅक्सीवाले वेगळे काढायला गेलात तर पुष्कळदा एकच माणूस हाती लागेल. दुपारी जेवणाचा डबा, संध्याकाळी माणूस. सीट तीच.

आता खरी मेख, पैशाची. मुंबई महानगर प्रदेशासाठी २०२५ मध्ये ई-बाइक टॅक्सीचं भाडं ठरलं: पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये, पुढे किलोमीटरला १० रुपये २७ पैसे. सत्तावीस पैसे कुणी आणि कसे काढले असतील या विचाराने मी एक संध्याकाळ घालवली. असो. हाच दर नांद्याला लावून बघू. साडेसात किलोमीटरची एक राइड: १५ अधिक सहा गुणिले १०.२७, एकूण ७६ रुपये ६२ पैसे. दर राइडमागे निम्मं अंतर रिकामं जातं असं धरू, कारण लवळ्याच्या टेकडीवर सोडलेल्या विद्यार्थ्यानंतर लगेच तिथूनच दुसरं गिऱ्हाईक मिळेल असं नाही. महिन्याला चार सुट्ट्या धरल्या तर आमच्या मुलाचे रोजचे साधारण १३२ किलोमीटर पडतात. म्हणजे बारा राइड, नऊशे वीस रुपये. त्यातून पेट्रोलला अडीचशे-पावणेतीनशे, मग कंपनीचा वाटा, गाडीचा हप्ता, टायर, ऑइल, खोलीचं भाडं, गावाकडे.

या बारा राइडना वेळ किती लागतो? गेट, लिफ्टमधून 'आलेच दोन मिनिटांत', ओटीपी, सुट्टे पैसे मिळून प्रत्येकी पाच मिनिटं म्हटली तरी एक तास गेला. उरले सात. सात तासांत १३२ किलोमीटर, म्हणजे ताशी १९ चा वेग. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत पुणं जगातलं चौथ्या क्रमांकाचं संथ शहर होतं: दहा किलोमीटरला ३३ मिनिटं २२ सेकंद, म्हणजे ताशी १८. चारचाकीचं हे गणित असलं तरी हिंजवडीच्या रांगेत दुचाकीही फार पुढे जात नाही. म्हणजे नऊशे वीस रुपये हे शहराच्या स्वाभाविक वेगाने, कायदा पाळून मिळणारे पैसे आहेत.

आता त्याला बाराशे हवेत. बहिणीचं लग्न आहे म्हणा किंवा बोअरला पाणी लागलं नाही म्हणा. बाराशेला सोळा राइड, १८० किलोमीटर. सोळा वेळा पाच मिनिटं वजा केली तर आठ तासांतले सहा तास चाळीस मिनिटं उरतात. वेग हवा ताशी २७. शहराच्या वेगाच्या दीडपट. हा अर्धा वेग येणार कुठून? तो डांबरावर नाही. तो उलट्या बाजूने घुसण्यात आहे, फुटपाथवर आहे, सिग्नलच्या शेवटच्या दोन सेकंदांत आहे, मिक्सर आणि दुभाजक यांच्यामधल्या सव्वादोन फुटांत आहे. नाहीतर मग नवव्या, दहाव्या, अकराव्या तासात आहे, दुसऱ्या ॲपवर. नऊशेपर्यंतचा पैसा रस्ता देतो. पुढचे तीनशे तो स्वतःच्या हाडांतून काढतो.

आणि हे सगळं चालू असताना समोर मोबाइल. मी मोजलं. आमच्या वाटेत त्याने दहा-अकरा वेळा पडद्याकडे पाहिलं. एकदा नकाशा, एकदा पुढची राइड, एकदा कुणाचा तरी फोन. दोष देत नाही, तो पडदा म्हणजेच त्याचं ऑफिस. एका नजरेला दोन सेकंद आणि वेग ताशी तीस धरला तर दर नजरेला सोळा-सतरा मीटर गाडी डोळ्यांविना जाते. दहा नजरा गुणिले बारा राइड गुणिले तीनशे दिवस: वर्षाला सहाशे किलोमीटर. नांद्यातून डोळे मिटून निघायचं आणि थेट अमरावतीच्या आसपास कुठेतरी उघडायचे.

वेगाचं भय आपल्याला का वाटत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं. उंचीचं वाटतं. चौथ्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा हलतोय असं कळलं तर आपण तिकडे फिरकणार नाही. ताशी ३० ने भिंतीवर आदळणं म्हणजे साडेतीन मीटरवरून पडणं. ताशी ४० म्हणजे सव्वासहा मीटर, दोन मजले. ताशी ६० म्हणजे चौदा मीटर, पावणेपाच मजले. राज्याच्या नियमांत बाइक टॅक्सीची वेगमर्यादा ६० आहे. चाळीसवरून साठवर जाताना मनगट जेमतेम बोटभर वळतं, आणि आपण दुसऱ्या मजल्यावरून पाचव्याच्या खिडकीशी येऊन बसलेलो असतो. कठडा नाही. मागे बसलेल्याला तर धरायलाही काही नाही. व्हिएतनामी लोकांनी मिठीगाडी म्हटलं ते उगाच नाही, पण अनोळखी कॅप्टनला मिठी मारायला पुणेकर धजत नाही. तो सीटमागची सळई दोन बोटांनी धरतो आणि दुसऱ्या हाताने रील बघतो.

आता त्या 'टक्'कडे येतो. उभ्या मोटरसायकलवरून, वेग शून्य असताना, माणूस कडेला नुसता कलंडला तर डोकं दीडेक मीटरवरून खाली येतं आणि रस्त्याला टेकताना त्याचा वेग ताशी जवळपास वीस असतो. गाडी हलली नसतानाही! साडेचार किलोचं डोकं. उघडं असेल तर ते थांबायला फार तर तीनेक मिलिमीटर मिळतात, त्वचा आणि हाड दबतं तेवढेच. त्या एका हजारांश सेकंदात डोक्यावर सुमारे सव्वादोन टनांचा भार येतो. हेल्मेटमध्ये काय असतं? फ्रिजच्या खोक्यात येतं त्याच कुळातलं थर्माकोल, अंगठ्याच्या रुंदीएवढं, अडीच सेंटिमीटर. ते चेपतं. थांबायला तीनच्या जागी पंचवीस मिलिमीटर मिळतात, भार पावणेतीनशे किलोवर उतरतो. तोही काही कमी नाही, पण कवटीला झेपण्यातला आहे. सव्वादोन टन आणि पावणेतीनशे किलो यांच्यात जे आहे ते एवढंच: बावीस मिलिमीटर थर्माकोल. ते एकदाच चेपतं. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं तरी आतून संपलेलं असतं. आणि पट्टा लावला नसेल तर ते आधीच वीस फूट लांब गडगडत गेलेलं असतं.

अनेक अभ्यासांचा एकत्र ताळेबंद २००८ मध्ये मांडला गेला होता, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. आपल्याकडे २०२३ मध्ये हेल्मेट न घालता मेलेले ५४,५६८. त्यातले ३९,१६० गाडी चालवणारे आणि १५,४०८ मागे बसलेले. मागचा आकडा जरा हातात धरून बघा. त्याच वर्षी महाराष्ट्रात सगळ्या प्रकारच्या अपघातांत मिळून १५,३६६ माणसं गेली: ट्रक, बस, मोटारी, पादचारी, समृद्धी महामार्ग, घाट, सगळं. म्हणजे देशभरात नुसत्या 'मागे बसलंय तर कशाला हेल्मेट' या खात्यावर एका महाराष्ट्राएवढे मृत्यू जमा आहेत. कायदा दोघांनाही हेल्मेट घालायला सांगतो, नाही घातलं तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. पण पुण्याने जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती काढून मोर्चा नेला होता. डोकं आमचं आहे, हा युक्तिवाद. बाइक टॅक्सीवर त्याची गोची होते. तिथे डोकी दोन, आणि दुसरं मुलाने भाड्याने जपायला घेतलेलं.

व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आधी वापर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो काही दिवसांतच नव्वदच्या वर गेला. पहिल्याच वर्षी साधारण दीड हजार जीव वाचल्याचा अंदाज निघाला. कंपालामध्ये २०१४ मध्ये 'सेफबोडा' नावाची कंपनी निघाली, तिने प्रत्येक चालकाला प्रवाशासाठी दुसरं हेल्मेट दिलं आणि नारिंगी रंग हीच जाहिरात केली. रवांडात मोटो-टॅक्सीवर प्रवाशाला हेल्मेट असतंच. म्हणजे प्रश्न गरिबीचा म्हणावा तर आपल्याहून गरीब देशांनी तो पुष्कळ पुढे नेला आहे.

हेल्मेटने सगळं होतं असं मात्र कुणी समजू नये. भरलेला काँक्रीट मिक्सर: सहा घनमीटर माल म्हणजे चौदा टनांच्या वर, गाडीचे स्वतःचे अकरा-बारा, एकूण सव्वीस टन. मोटरसायकल आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो. शंभरास एक. २४ जानेवारी २०२५ ला हिंजवडी-माण भागात वळणावर असा एक मिक्सर उलटला आणि स्कूटरवरच्या दोन कॉलेजच्या मुली त्याखाली गेल्या. तिथे थर्माकोलचा काय उपयोग? तिथे प्रश्न असा असतो की सव्वीस टन आणि अडीचशे किलो यांना एकाच वेळी, एकाच अरुंद वळणावर कुणी सोडलं.

नांद्याची अडचण आणखी एक. म्हाळुंगे आणि सूस जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले, नांदे ग्रामपंचायतच राहिलं. इमारती शहराच्या उंचीच्या, ट्रॅफिक शहराचं, आणि रस्ता गावाच्या रुंदीचा. शहराची बस पुरत नाही, रिक्षावाला परतीचं भाडं मिळणार नाही म्हणून यायला नाखूश. मग या मोकळ्या जागेत मोटरसायकल शिरते. कंपालात, लागोसमध्ये, बँकॉकच्या गल्ल्यांत ती अशीच शिरली. बस जिथे संपते तिथे ती सुरू होते.

कायद्याने तिला आत घ्यायला बराच वेळ लावला. २८ नोव्हेंबर २०२२ ला पुण्यातल्या रिक्षावाल्यांनी बाइक टॅक्सीविरुद्ध बंद पुकारला. २१ डिसेंबरला पुणे आरटीओने रॅपिडो या बाइक टॅक्सी कंपनीचा परवान्याचा अर्ज फेटाळला. १३ जानेवारी २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयाने विनापरवाना सेवा तत्काळ थांबवायला सांगितलं, आणि ७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. मग १ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने लाखावर वस्तीच्या शहरांत फक्त विजेवरच्या बाइक टॅक्सींना मान्यता दिली. एका राइडला पंधरा किलोमीटरची मर्यादा, कंपनीकडे किमान पन्नास गाड्या, जीपीएस. कागदावर बऱ्यापैकी विचार केलेला दिसतो.

पण माझ्या पुढ्यातल्या गाडीची पाटी पांढरी होती आणि टाकीत पेट्रोल. परवान्याच्या ई-बाइकची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी असतात. पाटीच्या रंगात काय आहे, असं कुणी म्हणेल. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने माणसं नेणं बसत नाही. म्हणजे रोजचे १३२ किलोमीटर, वर्षाचा पृथ्वीचा घेर, हा प्रवास विम्याच्या कागदावर घडतच नाही. तिथे ही गाडी एका माणसाची घरगुती गाडी आहे, जो म्हणे आपल्या मित्रांना फार सोडायला जातो. रस्त्यावर जखमी झालेल्या कुणालाही सात दिवस, दीड लाखापर्यंत बिनपैशाचे उपचार मिळण्याची केंद्राची योजना ५ मे २०२५ पासून आहे, हा एक मोठाच आधार. आठव्या दिवसापासून हप्ता मात्र त्याचा त्याला. मोडलेल्या मांडीच्या हाडाला जुळून यायला तीन-चार महिने लागतात.

हे सगळं मी त्याला काही ऐकवलं नाही. ऐकवून काय करणार होता? एवढंच विचारलं की दिवसाचे किती सुटतात. म्हणाला, "पाऊस नसला तर ठीक." मग हिंजवडीच्या अलीकडे रांग लागली तसा त्याने हँडल डावीकडे वळवून कडेच्या मातीतून गाडी काढायला घेतली, आणि मी न बोलता खांद्यावर हात ठेवल्यावर पुन्हा रांगेत आणली. तीन मिनिटं गेली असतील. त्या तीन मिनिटांत मोबाइलवर दोन राइड येऊन निसटल्या. दोन्ही वेळा त्याचा अंगठा पडद्यापर्यंत जाऊन परत आला.

उतरलो. हेल्मेट परत केलं. पट्टा सुटायला जरा वेळ लागला, कारण घट्ट बसला होता. त्याने ते आरशाला अडकवलं, पैसे आल्याचा आवाज ऐकला, आणि मागून येणाऱ्या मुलीला ओटीपी विचारला. तिने केसांकडे बोट दाखवून हेल्मेटला नकार दिला. "ताई, टक् वाजल्याशिवाय..." त्याने सुरुवात केली.

मी जाता जाता मीटर पाहिलं. ४८,२२१.